रविवारच्या गाड्या आणि मोहाची वाट

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यातून एका बाईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडा आखडून देते:

"ताई, आमच्या टोल्याला (वस्तीला) सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालेला आहे आणि मी जंगलाच्या व्यवस्थापन समितीत आहे. गावामागून टेकडीवर एक पायवाट जाते. मोहफूल, तेंदूपाने, सरपण, सगळं त्याच वाटेनं येतं. दोन हिवाळ्यांपासून दर रविवारी नागपूर-रायपूरकडचे पोट्टे पिकअपमध्ये मोटारसायकली टाकून आणतात. उंच, हलक्या, जाड गोट्यांच्या टायरच्या गाड्या. नंबर कोणालाच नाही. दिवसभर त्या वाटेनं वर-खाली करतात. त्यांना वाट दाखवतो माझ्या भासऱ्यांचा (थोरल्या दिरांचा) मुलगा, वय १९. एका रविवारचे हजार रुपये मिळतात. आता त्यानं जुन्या गाडीचा सायलेन्सर काढून, टायर बदलून स्वतःची तशी गाडी केली. सोळा वर्षांचा धाकटाही चालवतो. मागच्या महिन्यात सासूबाई सरपण घेऊन उतरत होत्या. मागून गाडी आली, त्या बाजूला झाल्या आणि घळीत पडल्या. मनगट अजून सुजलेलं आहे. त्या पोट्ट्यांनी दोनशे रुपये हातावर ठेवले आणि निघून गेले. मी जावेजवळ बोलले तर भासऱ्यांनी आतूनच ऐकवलं, 'तिले सांग, जंगल सरकारचं हाय, वाट सगळ्याईची हाय. पोट्टा चार पैसे कमावते तं तिच्या पोटात काहून दुखते?' गावातली काही पोरं म्हणतात, झाडाला झाड तार बांधू, एकदा पडले की येणार नाहीत. वनखात्यात जावं तर आपलाच पोरगा सापडते. घरचे म्हणतात, गप्प राहा. मी काय करू?"

बाई, तुमच्या पत्रातली तारेची गोष्ट मी आधी घेते. बाकी सगळ्याला आठ-पंधरा दिवस चालतील, तिला एक दिवससुद्धा चालणार नाही.

ती तार कोणी खरंच बांधली असेल तर आजच कापायला लावा. अशा वाटेवर गाडी चालवणारा पायदानावर उभा असतो, आणि तार बरोबर त्याच्या छातीला, गळ्याला येते. "एकदा पडले की येणार नाहीत" असं ती पोरं म्हणतात, पण तो माणूस पुन्हा उठेलच असं नाही. बांधणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागेल आणि तुमच्या टोल्यातली दोन-तीन घरं कायमची बसतील. रानडुकरासाठी धुऱ्यावर चोरून वीज सोडलेल्या तारांनी आपल्या भागात वाघ मेले आणि माणसंही मेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि एक विचारते. रविवारी सगळ्यात पुढं कोणाची गाडी असते? वाट दाखवणाऱ्याची. त्या तारेवर पहिला गळा तुमच्या पुतण्याचा जाईल. त्या पोरांना हे एवढंच सांगा, ती त्याच्यासोबतच लहानाची मोठी झालेली आहेत. खिळ्यांच्या फळ्या आणि पाल्याखाली झाकलेले खड्डे यांनाही हेच लागू. वाटेत उभं राहून गाडीची चाबी काढून घेणं, गाडी ओढून गावात ठेवणं, तेही नको. गाडी जप्त करायचा अधिकार वनखात्याला आणि पोलिसांना आहे, आपण केली तर तक्रार उलटी आपल्यावरच होते.

आता भासऱ्यांच्या वाक्याकडे येते. जंगल सरकारचं, वाट सगळ्यांची. हे वाक्य मी विदर्भात लहानपणापासून ऐकत आले. पूर्वी ते आपल्याला गप्प करायला वनखात्याची माणसं म्हणायची, आता आपलीच माणसं म्हणतात याचं मला फार वाईट वाटतं. कारण तुमच्या टोल्यानं तो पट्टा मिळवायला किती खेटे घातले असतील, किती वेळा कागद परत आले असतील, ते मला कळतं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिलेला आहे. कलम ५ आणखी पुढं जातं. त्या जंगलात कोणी कसं यायचं याचं नियमन करायचे, आणि वन्यप्राणी, जंगल, जैवविविधता यांना बाधा आणणारं काम थांबवायचे निर्णय ग्रामसभा घेऊ शकते, आणि ते पाळले जातील हे पाहायचा अधिकार तिला आहे. जंगलाच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो, त्यात यायच्या-जायच्या शिस्तीत तुमचा शब्द चालतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक पास द्यायचं काम त्यांच्या ग्रामसभेकडे आलं. त्या जंगलातून बांबूचा ट्रक कसा जाईल हे गाव ठरवू शकतं, तर तुमच्या पायवाटेनं मोटारसायकल जाईल की नाही हेही गाव ठरवू शकतं.

म्हणजे तुम्ही कोणाची चुगली करायला निघालेल्या नाहीत. समितीची सदस्य म्हणून हे तुमचं कामच आहे.

पण कायद्याच्या आधी त्या वाटेबद्दल बोलू द्या, कारण गाडीवाल्यांना तिथं नुसती चढ-उताराची मजा दिसते आणि तुमच्या घरातल्या पुरुषांनाही बहुतेक तेवढंच दिसतं.

माझी आई मोह वेचायची. होळीच्या आगेमागे पहाटे अंधारातच निघायचो, तिच्या डोक्यावर टोपली, माझ्या हातात कंदील. वाटेत मी बडबडले की ती दंडाला चिमटा काढायची. जंगलात माणूस कानानं चालते, ती म्हणायची. वानर खेकसलं की थांबायचं. चितळ ओरडलं की थांबायचं. मोहाखाली पाला खसखसला की अस्वल आहे का ते आधी ऐकायचं, कारण मोहफूल त्यालाही आपल्याइतकंच आवडतं आणि त्याचीही वेळ तीच. आम्हा बायकांकडे त्या अंधारात दुसरं हत्यार नव्हतं. बिनासायलेन्सरची एक गाडी डोंगरात फिरली की हे ऐकणं बंद होतं. वानराची खेकस ऐकू येत नाही, आणि वर निवांत असलेलं जनावर बिथरून खाली उतरतं, जिथं बायका वाकून वेचत असतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानांना गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तिथं गाड्यांचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. आपल्या बायका कुठल्या जंगलात वाकून काम करतात ते भासऱ्यांना आठवावं म्हणून सांगते. नागझिऱ्याचं जंगल तुमच्यापासून लांब नाही, आणि जनावर अभयारण्याची हद्द पाहून चालत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. माणसाच्या आणि जनावराच्या पायानं वाट दाबली जाते, घट्ट होते. तो गोट्यांचा टायर चढावर माती पकडून मागं फेकतो, त्याचं कामच ते आहे. एका हिवाळ्यात हातभर चर पडते. मृगाच्या पहिल्या पावसात ती चर नाल्यासारखी वाहते आणि मुरूम-माती घेऊन खाली येते. खाली काय आहे तुमच्या? बोडी असेल, नाहीतर मालगुजारी तलाव. तो गाळ तिथं बसणार आणि तलाव तेवढा उथळ होणार. मग ऑक्टोबरात भारी धानाला शेवटचं पाणी हवं असतं तेव्हा बांध्या कोरड्या राहणार, त्यात भासऱ्यांच्याही. हे ग्रामसभेत बोला. मोहाचं दुःख बायकांचं म्हणून बाजूला सारतील, पण धानाच्या पाण्याचं नाव निघालं की पारावरची माणसं सरळ बसतात.

तिसरी गोष्ट आगीची, आणि तिला तारीख आहे. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वनखात्याचा आगीचा हंगाम असतो. तापलेला उघडा सायलेन्सर वाळक्या गवतात टेकला, किंवा त्यातून ठिणगी उडाली, तर सागाचा पाला पेटायला वेळ लागत नाही. तुमच्याकडे तेव्हा मोह गळत असेल. वाटेच्या कडेला उघड्यावर टिटवीची अंडी असतील, पाल्यात रातवा बसलेला असेल, तो तर टायरखाली येईपर्यंत उठत नाही. म्हणून जे करायचं ते १५ फेब्रुवारीच्या आत करा.

त्या गाडीवाल्यांकडे दोन उत्तरं नेहमी तयार असतात, तीही सांगून ठेवते. एक म्हणजे, "हे जंगल नाही, झुडपी आहे." झुडपी जंगल ही खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनीची सरकारी कागदावरची, आपल्या पूर्व विदर्भाचीच नोंद. त्या जमिनी वनजमिनीच मानायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं आहे. दुसरं, "आम्ही रस्त्यावर नाही चालवत, मग नंबर कशाला?" मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेत किंवा इतर कुठल्याही जागेत नोंदणीशिवाय गाडी चालवायला मनाई आहे. 'इतर कुठल्याही जागेत' हे शब्द त्यात आहेत. नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही. सासूबाईंच्या जागी कोणाचा पाय मोडला असता तर भरपाई मागायला कागदच नव्हता. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहेच. वाट पुढं जाऊन अभयारण्यात शिरत असेल तर प्रकरण फार जड होतं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि गाडी जाते ती वेगळीच. तुमच्या पट्ट्याला जोडलेला नकाशा काढा आणि वाटेचं वरचं टोक कुठं जातं ते वनरक्षकाला बोट ठेवून विचारा. पुतण्याशी बोलण्याआधी हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आता पुतण्या. खरं सांगते, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. त्याच्यावर रागावले नाही मी. १९ वर्षांचं पोरगं, बहुतेक बारावीनंतर घरी, धानकापणी झाली की हाताला काम नाही. शहरातून लाखांच्या गाड्या घेऊन पोरं येतात आणि म्हणतात, भाऊ, तुझ्यासारखी वाट कोणालाच माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय येतं हे कोणीतरी पाहिलं. आपण पाहिलं होतं का? जुन्या गाडीची त्यानं स्वतःच्या हातानं केलेली जोडणी, भले ती चुकीच्या कामासाठी असेल, पण हात आहे त्या पोराला. म्हणून त्याला 'तू गावाचं वाटोळं केलं' असं म्हणू नका. तो दुसऱ्या दिवशी त्या पिकअपमध्ये बसून नागपूरला जाईल.

रविवार सोडून कुठल्याही पहाटे त्याला सोबत घ्या. पायी. गाडी घरी. सासूबाई जिथं पडल्या तिथपर्यंत चला आणि तिथं थोडं बसा. बोलायची घाई करू नका. आजीचं मनगट त्यानं पाहिलेलं आहे, ती घळ तिला टाळता का आली नाही हे तिथं उभं राहून दिसेल. मग सांगा, की तुझ्यावर कोणी तक्रार केलेली नाही, पण ग्रामसभा होणार आहे, आणि त्यात तू आरोपी म्हणून उभा राहू नये, वाट माहीत असलेला माणूस म्हणून बसावा असं मला वाटतं.

आणि पैशाचं बोला, नाहीतर सगळं बोलणं वाऱ्यावर जाईल. महिन्याचे चार हजार त्याच्या घरात जातात, ती लहान रक्कम नाही. समितीच्या खात्यात तेंदू किंवा बांबूचे पैसे असतील तर आगीच्या हंगामात गस्तीची रोजी त्याला द्यायचा ठराव करा. वनखातंही या दिवसांत हंगामी अग्निरक्षक घेतं, जाळरेषा काढायला माणसं लागतात. वनपालाला तुम्ही स्वतः विचारा, पोराला एकट्याला पाठवू नका. हजार रुपये रोज मिळणार नाहीत, हेही त्याला सरळ सांगा. गाडीची ओढ खरीच असेल तर तिलाही रस्ता आहे. केरळचा मोटारसायकलस्वार हरिथ नोआ २०२४ च्या डाकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या मोठ्या शर्यतीत, आपल्या गटात पहिला आला, एकंदरीत अकरावा. ती शर्यत आखून दिलेल्या मार्गावर, परवाना घेऊन, नंबर लावून होते. मनात आलं म्हणून कोणाच्याही जंगलात शिरून नाही. तालुक्यात एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये तो सहा महिने बसला तरी माझ्या मते त्याचं पुष्कळ होईल.

धाकट्याचं मात्र आजच थांबायला हवं, त्यात समजूत-बिमजूत नाही. सोळा वर्षांच्या मुलानं गाडी चालवताना काही घडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ थेट पालकांवर येतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे भासऱ्यांच्या कानावर गेलंच पाहिजे. तुम्ही त्यांच्यासमोर बसून बोलू शकत नाही, तुमच्याकडची रीत मला माहीत आहे. मग हे काम तुमच्या नवऱ्याचं. "गप्प राहा" म्हणणाऱ्या माणसाला एवढं तरी सांगा, की माझ्या वतीनं भांडू नका, पण तुमच्या आईचं मनगट आणि तुमच्या पुतण्याचं लायसन या दोन गोष्टी मोठ्या भावाला तुम्हीच सांगायच्या. जावेला तुम्ही सांगा. ती पण त्याच वाटेनं मोहाला जाते ना?

ग्रामसभा टोल्याची घ्या, ग्रामपंचायतीच्या तारखेची वाट पाहू नका. वनहक्काच्या नियमांप्रमाणे निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. म्हणजे बायका आल्या नाहीत तर सभाच होत नाही, हे लक्षात ठेवून सगळ्या मोहवाल्यांना आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगा. ठराव साध्या भाषेत लिहा. अमक्या नाल्यापासून अमक्या टेकडीपर्यंतची वाट पायी माणसं आणि गुरं यांचीच, मोटारगाडीला बंदी, आग विझवायला आणि आजारी माणसाला आणायला सूट. गावातल्या गाड्यांनाही तोच नियम, हे ठळक लिहा. आपल्या पोरांना मोकळीक आणि बाहेरच्यांना बंदी असा ठराव कोणी मानत नाही आणि मानूही नये. वरच्या अंगाला दुसऱ्या गावाचा पट्टा लागत असेल तर त्यांनाही बोलवा. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आणि पोलिस ठाण्यात द्या, पोच घ्या. त्यात पुतण्याचं नाव कुठंही घालायची गरज नाही. तक्रार वाटेबद्दल आहे.

मग वाटेच्या तोंडाशी वनरक्षकाला सोबत घेऊन मोठे दगड वाकड्या ओळीत मांडा, बाई टोपली घेऊन जाईल, गाय जाईल, पण वेगातली गाडी जाणार नाही असे. दिसतील असे, चुना मारून. पाटी लावा. तरीही रविवारी आले तर लांबूनच पिकअपच्या नंबराचा फोटो काढा. गाड्यांना नंबर नाही पण पिकअपला असतोच. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा, कोणी अंगावर आलं तर ११२. त्या दिवशी वाद घालायला एकटीनं जाऊ नका.

या सगळ्यात पुतण्या ऐकलाच नाही तर? तरी ठराव थांबवू नका. तुमच्या मनात हीच गाठ आहे हे मला दिसतं. सांगून, सोबत चालून, काम शोधून देऊनही तो गेला आणि पकडला गेला, तर तुम्ही त्याला पकडून दिलं असं होत नाही. घरातले काही दिवस म्हणतील. जामिनाच्या दिवशी मात्र तुम्ही सोबत जा.

आणि सासूबाईंना उद्याच ग्रामीण रुग्णालयात नेऊन मनगटाचा एक्स-रे काढा. महिना झाला आणि सूज उतरली नाही म्हणजे हाड दुखावलेलं असू शकतं, आणि या वयात ते वाकडं जुळलं तर मोह वेचायचा हात जातो. डॉक्टरांना गाडीच्या धाकानं पडल्या हे खरं कारण सांगा आणि ते कागदावर लिहून घ्या.